साहेबांना कसं कळणार?

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत मी सहा वर्षं व्हीएमसी, म्हणजे प्रोग्रामवर धातू कापणारं मशीन, चालवलं. आयटीआय करून लागलो होतो. जॉब लावायचा, क्लॅम्प करायचा, सायकल स्टार्ट दाबायचं, फर्स्ट पीस क्वालिटीला दाखवायचा आणि मग शिफ्ट संपेपर्यंत तेच. मला प्रोग्रामिंग शिकायचं होतं, अगदी पहिल्या महिन्यापासून. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या ऑपरेटरला मी हे कितीदा सांगितलं असेल. घरी सांगितलं, लोकलमध्ये गटातल्या मित्रांना सांगितलं. ज्यांच्या हातात ते होतं, त्या साहेबांना मात्र एकदाही सांगितलं नाही.

सातव्या वर्षी नवीन मशीन आलं. मशीन बनवणाऱ्या कंपनीत पाच दिवसांच्या ट्रेनिंगला एकाला पाठवायचं होतं. माझ्यानंतर दोन वर्षांनी लागलेल्या मुलाचं नाव लागलं. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा आपणहून केबिनमध्ये गेलो. आवाज चढलेलाच होता. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, तू कधी बोललास? मला वाटलं, तू मशीनवर खूश आहेस. तुझं रिजेक्शन सगळ्यात कमी. तुला तिथून हलवायचं माझ्या डोक्यातच आलं नाही."

हे शेवटचं वाक्य मला पचायला बरीच वर्षं लागली. चांगलं काम केलं की माणूस आपोआप वर जातो, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात चांगलं काम करणारा माणूस आधी त्या जागेवर पक्का होतो. साहेबांच्या दृष्टीने त्याचं मशीन न अडता चालणारं मशीन असतं आणि त्यांचं सगळं लक्ष बंद पडलेल्या मशीनकडे असतं. यात त्यांचा दुष्टावा नव्हता. आज माझ्या हाताखाली चौदा जण आहेत आणि मलाही त्यांच्या मनातलं सांगितल्याशिवाय कळत नाही.

आमच्या या पट्ट्यात, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरमध्ये, नोकरीचे दोन अगदी वेगळे प्रकार शेजारीशेजारी नांदतात. आमच्या आधीच्या पिढीसाठी नोकरी म्हणजे 'ऑर्डनन्स'. अंबरनाथची आयुधनिर्माणी आणि तिच्याजवळचा, १९५३ साली सुरू झालेला मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना. तिथे लागलेल्या माणसाला पुढे काय, हे साहेबांना विचारायची गरज नव्हती. शिडी छापलेली होती. सेमी-स्किल्ड, मग स्किल्ड, मग हायली स्किल्ड टू, हायली स्किल्ड वन, मास्टर क्राफ्ट्समन, त्यापुढे चार्जमन आणि ज्युनिअर वर्क्स मॅनेजर. कोणत्या पायरीला ट्रेड टेस्ट, कोणत्या पायरीला किती वर्षांची नोकरी, चार्जमनसाठी खात्याची स्पर्धा परीक्षा, हे सगळं नियमांत होतं. ऑर्डनन्स वसाहतीतल्या बायकांनाही शेजारच्या घरातला माणूस कोणत्या ग्रेडवर आहे ते माहीत असायचं. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुधनिर्माणी मंडळ बरखास्त झालं, त्याचे सात सरकारी उपक्रम झाले. अंबरनाथची आयुधनिर्माणी यंत्र इंडियाकडे गेली आणि मशीन टूल प्रोटोटाइप आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे. पण छापलेल्या शिडीची सवय अख्ख्या गावाच्या हाडात मुरलेली आहे.

अशा घरातला मुलगा मोरिवलीच्या, आनंदनगरच्या किंवा बदलापूरच्या एमआयडीसीत लागतो तेव्हा तो वडिलांचंच धोरण घेऊन जातो. मान खाली घालून काम करायचं, वेळ आली की नाव लागेल. पण चाळीस माणसांच्या कारखान्यात ती यादीच नसते. हेल्पर, ऑपरेटर, सेटर, सुपरवायझर अशी नावं असतात, पण एकातून दुसऱ्यात कसं जायचं ते कुठेही लिहिलेलं नसतं. ते ठरतं मालकाच्या आणि मॅनेजरच्या डोक्यात, आणि ठरतं त्या क्षणी त्यांना कोण आठवतं यावर.

छापलेल्या शिडीतही सगळं उजेडात होतं असं नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत वरिष्ठ दरवर्षी गोपनीय अहवाल लिहीत आणि तो खरोखरच गोपनीय असे. वाईट शेरा असेल तरच तो कळवला जाई. 'ठीक' म्हणून मारलेला शेरा बढतीच्या वेळी आडवा यायचा आणि माणसाला कारणही कळायचं नाही. २००८ मध्ये देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शेरा चांगला असो वा वाईट, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. मे २००९ च्या आदेशाने केंद्रात पूर्ण अहवाल दाखवणं सुरू झालं आणि त्यावर म्हणणं मांडायला पंधरा दिवस मिळू लागले. 'साहेबांचं माझ्याबद्दल काय मत आहे' हे जाणून घेणं हा आगाऊपणा नाही, हे सांगायला आपल्याला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

खाजगी कारखान्यांत हा विचार त्याच्या कितीतरी आधी आला होता, आणि आला आपल्या मुंबईतच. १९७४ मध्ये लार्सन अँड टुब्रोने अहमदाबादच्या आयआयएममधले दोन प्राध्यापक, उदय पारीक आणि टी. व्ही. राव, यांना आपली अप्रेझलची पद्धत तपासायला बोलावलं. फॉर्म सुधारून द्या, एवढीच खरं तर अपेक्षा असावी. त्या दोघांनी फॉर्मच्या पलीकडचं मांडलं. माणसाने गेल्या वर्षी काय केलं हा एक प्रश्न. तो पुढे काय करू शकेल हा अगदी वेगळा प्रश्न. त्याला स्वतःला कुठे जायचं आहे हा तिसरा. आणि या तिन्हींसाठी वरिष्ठाने त्याच्याबरोबर बसून बोललं पाहिजे, नुसता शेरा मारून चालणार नाही. त्यातूनच कंपनीत मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला आणि भारतातला तो पहिला मानला जातो. आज कुठल्याही आयटी कंपनीच्या अप्रेझल फॉर्ममध्ये 'पुढच्या दोन वर्षांत तुम्ही स्वतःला कुठे पाहता' असा रकाना असतो. बहुतेक जण तो आदल्या रात्री कसाबसा भरतात. त्या रकान्यामागे हा इतिहास आहे.

पण मी माझ्या लोकांना एक गोष्ट आवर्जून सांगतो: हे बोलणं अप्रेझलच्या दिवशी करू नका. १९६५ मध्ये हर्बर्ट मेयर, इमॅन्युएल के आणि जॉन फ्रेंच यांनी अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या अशा मुलाखतींचा अभ्यास हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये मांडला. पगारवाढ आणि सुधारणा या दोन गोष्टी एकाच बैठकीत आल्या, की माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो. टीका झाली की काम सुधारण्याऐवजी बिघडतं. ठरावीक, स्पष्ट उद्दिष्ट दोघांनी मिळून ठरवलं तर मात्र फरक पडतो. म्हणून पगाराचं बोलणं वेगळ्या दिवशी व्हावं आणि पुढच्या वाटचालीचं वेगळ्या, असं त्यांचं म्हणणं. माझा अनुभव अगदी हाच आहे. मार्च-एप्रिलमध्ये केबिनमध्ये शिरणारा प्रत्येक माणूस साहेबांना पैसे मागायला आलेलाच दिसतो. तेच बोलणं ऑगस्टमध्ये करा, साहेब खुर्चीला टेकून ऐकतात.

आता बोलायचं काय? आपल्याकडे एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे: "साहेब, आमचं काहीतरी बघा." मी ते शेकडो वेळा ऐकलं आहे. त्यात नम्रता आहे, आर्जव आहे, माहिती मात्र काहीच नाही. काय बघायचं? पगार, शिफ्ट, की खातं? साहेब "बघतो" म्हणतात आणि खरोखर त्यांना काय बघायचं ते कळलेलं नसतं. 'रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही' ही म्हण अशा वेळी हटकून ऐकवली जाते. मला ती पटत नाही. तिच्यामुळे मागणारा तान्हं बाळ होतो आणि देणारा आई. कारखान्यात नातं तसं नसतं. तिथे दोन कामकरी माणसं असतात आणि एकाला दुसऱ्याची योजना माहीत नसते.

मी केबिनमध्ये चिडून गेलो त्याच्या पुढच्या आठवड्यात, शांत झाल्यावर, पुन्हा गेलो. तेव्हा जे बोललो ते साधारण असं: "सर, वर्षभरात मला प्रोग्रामिंगवर यायचं आहे. छोट्या जॉबचे प्रोग्राम मी कागदावर लिहून आणले, तर आठवड्यातून एकदा तपासून द्याल का?" यात पद मागितलेलं नाही, पैसे मागितलेले नाहीत. काम मागितलं आहे, मुदत सांगितली आहे, आणि साहेबांनी काय करायचं ते त्यांच्या दहा मिनिटांत बसणारं आहे. साहेब नाही म्हणाले नाहीत. पद देणं त्यांच्या हातात नसेलही, कारण ते मालक ठरवतात. काम देणं जवळजवळ नेहमी त्यांच्या हातात असतं. आणि एकदा ते काम तुम्ही करत आहात हे सगळ्यांना दिसू लागलं, की पदाची गोष्ट दुसरं कोणीतरी काढतं.

काही वेळा तर साहेबांच्या सहीशिवाय पुढची पायरीच नसते. बदलापूर आणि अंबरनाथच्या रसायन आणि औषध कंपन्यांत कल्याणच्या बिर्ला कॉलेजातून किंवा उल्हासनगरच्या सीएचएममधून बीएस्सी केलेली कितीतरी मुलं-मुली ट्रेनी केमिस्ट म्हणून लागतात. त्यांच्या तोंडी एक शब्द सतत असतो, 'अप्रूव्हल'. १९४५ च्या औषध नियमांप्रमाणे औषधनिर्मिती सक्षम तांत्रिक माणसाच्या देखरेखीखालीच व्हावी लागते. फार्मसीच्या पदवीधराला त्यासाठी अठरा महिन्यांचा प्रत्यक्ष अनुभव पुरतो. रसायनशास्त्र मुख्य विषय घेऊन बीएस्सी झालेल्याला पदवीनंतर किमान तीन वर्षांचा औषधनिर्मितीचा अनुभव लागतो. एफडीएने मान्यता दिली, की त्या केमिस्टची बाजारातली किंमत एकदम बदलते. पण अनुभव कशाचा, हे कंपनीच्या दाखल्यावर ठरतं. तीन वर्षं पॅकिंग मटेरियलच्या नोंदी ठेवण्यात गेली आणि मग 'मला मॅन्युफॅक्चरिंगचं अप्रूव्हल हवं' असं सुचलं, तर साहेबांनी कितीही मदत करायची म्हटली तरी दाखल्यात लिहिणार काय? इथे बोलायची वेळ पहिल्या वर्षातच असते: "मॅडम, तीन वर्षांनी मला अप्रूव्हलसाठी अर्ज करायचा आहे. त्या दृष्टीने मला कोणत्या सेक्शनमध्ये, किती दिवस काम करावं लागेल?" बॉयलरवर मदतनीस असलेल्या माणसाचंही तेच. बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेला बसायचं तर प्रत्यक्ष बॉयलरवर काम केल्याचा दाखला लागतो आणि तो कंपनीकडूनच यावा लागतो.

बोलायला जाण्याआधी आपलं नेमणूकपत्र काढून वाचावं. अनेकांनी ते घेतल्या दिवसापासून पाहिलेलं नसतं, काहींना मिळालेलंच नसतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांनुसार प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. त्यावर तुमच्या पदाचं नाव काय आहे, तुम्ही कोणाचे नोकर आहात, हे आधी कळायला हवं. कॉन्ट्रॅक्टवरचा मुलगा कंपनीच्या सुपरवायझरला साहेब म्हणतो, पण कागदावर त्याचा मालक कॉन्ट्रॅक्टर असतो. त्याने दोघांशीही बोलायला हवं. काम शिकवायची गोष्ट सुपरवायझरशी, कंपनीच्या पटावर यायची गोष्ट खात्याच्या मॅनेजरशी. कॉन्ट्रॅक्टरला सगळं शेवटी कळलं तर तो दुखावतो आणि पुढच्या महिन्यात त्याची यादी बदलते. हे मी होताना पाहिलं आहे.

उल्हासनगरचं गणित आणखी निराळं. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत, कल्याण कॅम्पात, फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. शून्यातून धंदा उभा करणाऱ्यांचं हे शहर. कॅम्पांच्या गल्ल्यांतल्या जीन्सच्या कारखान्यात एचआर नसतं, अप्रेझल नसतं. शेठ असतात. कारखान्यात शिरलेला पोऱ्या धागे कापतो, मग मशीनवर बसतो, नजर आणि हात असेल तर कटिंग मास्टर होतो. त्यापुढे काय? त्यापुढची खुर्ची बहुधा शेठच्या मुलाची असते. म्हणून तिथे प्रामाणिकपणे एकच प्रश्न विचारावा: "शेठ, या कारखान्यात माझ्यासाठी पुढची जागा आहे का?" "नाही" हे उत्तर आलं तरी ते मोलाचं असतं, दहा वर्षं वाचतात. आणि कधीकधी त्याच बोलण्यातून तिसरीच वाट निघते. जुन्या कारागिराने आपली दोन मशीन टाकावीत आणि शेठने त्याला जॉबवर्क द्यावं, असं इथे बऱ्याच जणांचं झालं आहे. न विचारता ते झालं नसतं.

आता गाडीबद्दल. बाहेरगावच्या वाचकाला हे विषयांतर वाटेल, इथल्या वाचकाला वाटणार नाही. बदलापूर सीएसएमटीपासून सुमारे ६८ किलोमीटर. फास्ट लोकलने सव्वा ते दीड तास, त्याच्या अलीकडे-पलीकडे रिक्षा, शेअर टॅक्सी, चालणं. ठाण्या-मुंबईत किंवा ऐरोलीत नोकरी करणाऱ्या आमच्या माणसाच्या करिअरचा निम्मा निर्णय या प्रवासात होतो आणि तो बऱ्याचदा त्याच्या गैरहजेरीत होतो. टीम लीडची जागा निघते. मॅनेजर विचार करतो, 'ती बदलापूरला राहते, मुलगी लहान आहे, तिला कशाला त्रास?' हा विचार वाईट मनाने केलेला नसतो. पण तिच्या वतीने नकार दिला गेलेला असतो आणि तिला जागा निघाल्याचंही कळत नाही. माझ्या घरातच हे घडलं आहे, म्हणून मी एवढ्या पोटतिडकीने लिहितो.

यावर उपाय एकच, अंतराची गोष्ट आपणच आधी टेबलावर ठेवायची. "सर, मला टीम लीडचं काम करायचं आहे. मला साडेसहाची गाडी पकडावी लागते, पण रात्री नऊनंतर घरून तासभर मी कॉलवर असू शकते आणि महिन्यातून दोनदा उशिरापर्यंत थांबू शकते." मग साहेबांना अंदाज बांधावा लागत नाही. हे जमणार नसेल तर तेही स्वच्छ सांगावं. 'मुलगी पहिलीत जाईपर्यंत मला आहे तेच काम चांगलं करायचं आहे, जून २०२८ नंतर मला विचारा' हेसुद्धा करिअरचं ध्येयच आहे. ते सांगितलं नाही, तर साहेब त्याचा अर्थ 'हिला पुढे जायचंच नाही' असा लावतात, आणि तो शिक्का पुसणं फार अवघड जातं.

एक भीती मात्र खरी आहे. साहेबांना वाटेल, हा माझ्या खुर्चीवर डोळा ठेवून आहे. लहान कंपनीत ती खुर्ची एकच असते, म्हणून ही भीती जास्त. यावर पीटर ड्रकरची एक जुनी युक्ती मला उपयोगी पडली. १९५४ च्या 'द प्रॅक्टिस ऑफ मॅनेजमेंट' या पुस्तकात तो सांगतो, की प्रत्येक व्यवस्थापकाने वर्षातून दोनदा आपल्या वरिष्ठाला पत्र लिहावं. त्यात सुरुवात स्वतःपासून करायची नाही. आधी वरिष्ठाच्या कामाची उद्दिष्टं मला काय समजली आहेत ते लिहायचं, मग माझ्या कामाची, मग माझ्याकडून काय अपेक्षा आहे असं मला वाटतं, मग अडचणी कोणत्या, कंपनीची कोणती गोष्ट मदत करते आणि कोणती आड येते, आणि शेवटी पुढच्या वर्षी मी काय करणार. ड्रकर मोठ्या कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांबद्दल बोलत होता, पण हा क्रम व्हीएमसीच्या ऑपरेटरलाही लागू पडतो. माझ्या साहेबांचं दुखणं होतं सेटिंगला लागणारा वेळ. नवीन जॉब आला, की प्रोग्रामरची वाट बघत मशीन दोन-दोन तास थांबायचं. मी प्रोग्रामिंग शिकणं हा त्यांच्या दुखण्यावर इलाज आहे, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. पहिल्या वेळी, रागाच्या भरात, मी फक्त माझ्यावर झालेला अन्याय सांगितला होता.

आणि बोलणं झालं की त्याच दिवशी दोन ओळी लिहून पाठवाव्यात, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. "सर, आज बोलल्याप्रमाणे मी दर शनिवारी एक प्रोग्राम दाखवीन. दिवाळीनंतर आपण पुन्हा बसू." साहेब बदलून जातात, कंपनी विकली जाते, माणसं विसरतात. तारीख असलेली ओळ राहते.

माझा पहिला प्रोग्राम एका साध्या फ्लँजचा होता, सहा भोकांचा. साहेबांनी लाल पेनाने त्यात अकरा चुका काढल्या. पुढच्या शनिवारी सात. पावसाळा संपता संपता सेकंड शिफ्टला एक मशीन रिकामं असायचं, त्यावर त्यांनी मला तो प्रोग्राम चालवू दिला. प्रोग्रामर हे पद मला मिळालं त्यानंतर सव्वा वर्षाने. ते मात्र मला मागावं लागलं नाही.

आता माझ्या टेबलाच्या खणात एक वही आहे. चौदा नावं, प्रत्येकाला कुठे जायचं आहे ते त्याच्याच शब्दांत, आणि तारीख. एकाला क्वालिटीत जायचं आहे. एकाला गावी स्वतःचं वर्कशॉप टाकायचं आहे, त्यासाठी त्याला मेंटेनन्स शिकायचं आहे. एकीला डिप्लोमा पूर्ण करायचा आहे आणि त्यासाठी वर्षभर फक्त फर्स्ट शिफ्ट हवी आहे. दोन नावांसमोरची जागा रिकामी आहे. त्या दोघांची या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे. सोमवारी ते फर्स्टला आले की मीच विचारणार आहे.